कात्रीबाई आपल्या तावडीत

नर्सेस होस्टेल,
ता. ३ ऑगस्ट

ती. अक्कास,

बारकीचा सा. न. वि. वि. विनंती एवढीच, की हे पत्र वाचताना शिलाई मशीन थांबव. मागच्या वेळी वाचता वाचता माझं पत्र कुणाच्या तरी बाहीत शिवून टाकलंस, असं भाऊजींनी कळवलं होतं.

भाऊजींच्या पाठीला शेक चालू ठेव. आणि त्यांना सांग, की पाठ दुखत असताना कपाटं सरकवणं हा व्यायाम नव्हे, आगाऊपणा आहे. मी इथं मजेत आहे. खोलीतली दुसरी नर्स घोरते, पण मनानं चांगली आहे.

आता बस. बसलीस? आमच्या वॉर्डात खिडकीजवळच्या पलंगावर कात्रीबाई आली आहे.

हो, तीच. आपल्या गावच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टर. अर्धांगाचा झटका आला म्हणून गावाकडून इथं पाठवलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समज मात्र लख्ख शाबूत आहे. कागदावरचं नाव वाचलं तेव्हा वाटलं, दुसरी कुणी असेल. मग मी तिची चादर घालायला गेले. एक कोपरा जरा ढिला राहिला, तर तिनं त्या कोपऱ्याकडं असं बघितलं, की माझे हात आपोआप तो परत दुमडू लागले. तेव्हा खात्री पटली. बोलता येत नाही तरी हुकूम सोडते बया!

तिनं मला ओळखलं नाही. ओळखेल कशी? तेव्हा मी शाळेतली पोर, तुझा पदर धरून दाराशी उभी होते.

डोळे एकदा मिटले की हो आणि दोनदा मिटले की नाही, असं तिला शिकवलं आहे. डाव्या हाताचं बोट हलतं, म्हणून अक्षरांचा एक तक्ताही दिला आहे. तिला पाणी पाजायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची, हे सगळं माझ्याकडं आहे. अक्का, पहिल्यांदा तिची मान उचलताना भीती वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटली गं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. नर्सिंगचा निकाल लागला तेव्हासुद्धा इतका झाला नव्हता.

लोभ आहेच, त्यात घट नको. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
बारकी


घर,
ता. ७ ऑगस्ट

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. मशीन थांबवलं होतं. पत्र वाचून झाल्यावर परत चालू करायला हात धजेना, म्हणून तशीच बसून राहिले. तुझे भाऊजी दोनदा चहा विचारून गेले म्हणे. मला ऐकूच आलं नाही.

बारके, तू लहान होतीस. तुला दाराशी उभं राहिल्याचं आठवत असेल, पण ती चादर ओढली होती मी. पाय मोडला होता आईचा, पाय! डोक्याला काही झालं नव्हतं. तासाभरासाठी घरी अंघोळीला गेलो आणि परत येऊन बघतो, तर आई डोक्यावरून चादर घेऊन पडलेली. मला वाटलं, गेलीच. चादर ओढली आणि वाटलं, ओढली नसती तर बरं झालं असतं. कुठं आखूड, कुठं लांब, जसं हाताला लागलं तसं कापलेलं. जन्मापासून कात्री न लागलेले केस पलंगाखाली रद्दी पेपरात गुंडाळून ठेवले होते.

कात्रीबाई म्हणाली होती, की गुंता झाला होता, उवा झाल्या असत्या, वॉर्डभर पेशंट पडलेत, एकेकीची वेणी घालत बसू का? आणि केसच तर आहेत, येतील परत. हे तिनं चालता चालता सांगितलं. माझ्याकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

आपल्या घराचा नेम तिला आईनं सांगितला होता की! हात जोडून सांगितला होता. शेजारच्या पलंगावरच्या बाईनं ऐकलं होतं. कापल्या केसांनी प्रार्थनेला बसायचं नाही, हे आईच्या रक्तात होतं. तुझ्या वेळच्या बाळंतपणातही जिची प्रार्थना चुकली नव्हती, तिनं त्या दिवसानंतर शेवटपर्यंत ओठ हलवला नाही. मी किती समजावलं, की देव काही केस मोजत बसत नाही. तिनं माझ्याकडं परक्या बाईकडं बघावं तसं बघितलं. आपल्याला देवाचं दार बंद झालं, एवढंच धरून ती गेली.

तेव्हापासून माझ्या हातात दिवसभर कात्री असते आणि रोज एकदा तरी तिची आठवण येते. आता ती तुझ्या हाताखाली आहे, बोलू शकत नाही, हलू शकत नाही. कापून टाक तिचे केस. विचारू नको, सांगू नको. जसं हाताला लागेल तसं काप. धार नसेल तर माझी कात्री पाठवते, पार्सलनं.

माझ्या बोलण्याचा राग येऊ देऊ नको. आला तर गिळ, मीही इतकी वर्षं गिळतेच आहे.

तुझी,
अक्का


नर्सेस होस्टेल,
ता. १३ ऑगस्ट

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. कात्री पाठवू नको. काम झालं, पण तुला हवं तसं नाही झालं. आता शिव्या घालायच्या आधी पूर्ण वाच.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आधीच पेटले होते. तिचे केस अजून लांब आहेत, पांढरेशुभ्र, एका वेणीचे. पडून पडून मानेपाशी गुंत्याचा गोळाच झाला होता. आमच्या वॉर्डाचा नियम म्हणजे, अंगाला हात लावायच्या आधी पेशंटला विचारायचं. पांघरूण काढायचं तरी विचारायचं. नव्या मुलींना हे मीच शिकवते, आणि शिकवताना मनात आईच असते. त्या दिवशी मी कात्री खिशात टाकली आणि न विचारता तिच्या उशाशी जाऊन उभी राहिले. दुसऱ्या खिशात तुझं पत्र होतं.

मी वेणी हातात घेतली. तेवढ्यात तिनं कात्री बघितली आणि बोटानं तक्त्यावर ठोकलं. मला वाटलं, आता गयावया करील. अक्का, मी त्याचीच वाट बघत होते गं. तिनं दोन अक्षरं दाखवली, का आणि प.

माझा विश्वास बसेना. परत विचारलं, तर डोळे एकदा मिटले, मिटले ते वैतागानं, म्हणजे इतका वेळ काय लावतेस, अशा थाटात. मी कापले. व्यवस्थित, सारखे कापले, वाकडे कापायचं त्राणच राहिलं नाही. मान मोकळी झाल्यावर ती गाढ झोपली आणि मी तिची वेणी हातात धरून मूर्खासारखी उभी.

तिला केस म्हणजे खरोखरच केस गं! तुझ्या मशीनखाली पडणाऱ्या चिंध्यांइतकीच त्यांची किंमत. आईला जे म्हणाली ते टोचून म्हणाली नव्हती, तिला तसंच वाटत होतं. यानं माझा राग शांत व्हायला हवा होता ना? उलट तळपायाची आग मस्तकात गेली. दुष्ट असती तर परवडली असती. हिनं आईचं आयुष्यभराचं धन झाडून टाकलं आणि कचरा काढल्याचं समाधान मानलं!

तिला लागेल अशी एकच गोष्ट आहे. वॉर्डात काही भली माणसं पेशंटसाठी प्रार्थना करायला येतात. तिच्या पलंगाशी उभी राहिली, तर हिनं डोळे दोनदा मिटले, परत दोनदा, परत दोनदा, अगदी गाल भिजेपर्यंत. तक्त्यावर सांगितलं, की प्रार्थना नको, कधीच नको. जन्मभर देव मानला नाही, आणि आता आडवी पडली म्हणून कुणी मानायला लावू नये, एवढाच तिचा हट्ट. डॉक्टरांनी तसं लिहून ठेवलं आहे. तिचा पुतण्या आणि पुतणसून फार देवभोळे आहेत, त्यांनाही सांगितलं आहे. पुतणसून रडली बिचारी.

हे खरं तर तुला लिहायला नको. पेशंटची गोष्ट वॉर्डाबाहेर न्यायची नसते. पण तू अक्का आहेस, तुझ्यापासून काय लपवायचं.

भाऊजींच्या पाठीचं लिहिलं नाहीस. माया ठेवच, जरा जास्तच ठेव, या आठवड्यात लागेल.

तुझी,
बारकी


घर,
ता. १८ ऑगस्ट

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. भाऊजींची पाठ बरी आहे, परत कपाटाकडं बघायला लागलेत. तू कात्री चालवलीस ती तिच्या हुकमावरून, हे वाचून मी कपाळावर हात मारला. तिची सेवाच केलीस की गं तू! पण पत्राच्या शेवटी जे लिहिलंस, त्याबद्दल तुझे सगळे गुन्हे माफ.

तिची पुतणसून माझ्याकडं कपडे शिवायला टाकते. बाई गरीब गाय. परवा मापं द्यायला आली तेव्हा काकूंच्या काळजीनं डोळे भरून आले होते. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि तोंड उघडलं. म्हटलं, आमची आई त्यांच्याच वॉर्डात होती. वरून कडक, पण आतून काय श्रद्धाळू बाई! कुणी नसताना आईच्या उशाशी बसून हळूच प्रार्थना म्हणायच्या. आता नको म्हणतात तो आजाराचा परिणाम. खरं तर त्यांना तेच हवं असणार.

होय, धडधडीत खोटं बोलले. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. त्या पोरीचा चेहरा असा खुलला, की माझीच मला क्षणभर लाज वाटली. पण क्षणभरच.

येत्या रविवारी आम्ही येतोय. गाडी ठरली आहे. तिची सगळी प्रार्थनामंडळी आहेत, वाद्यंसुद्धा आणणार आहेत, आणि मी आहे. पलंगाभोवती कडं करून, तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणणार आहोत. तिनं आईच्या तोंडची प्रार्थना काढून घेतली ना? आपण तिच्या अंगावर प्रार्थना ओतू. मिटू दे डोळे दोनदा, शंभरदा मिटू दे. आईनंही हात जोडले होतेच.

तुला काहीच करायचं नाही. फक्त भेटीच्या वेळी चहाला जा. तुझ्या अंगावर काही येणार नाही, नातेवाईकच येताहेत. हे पत्र मिळेल तेव्हा आमची निघायची तयारी झाली असेल, म्हणून उलट टपाली शहाणपण शिकवू नको.

रविवारी भेटूच. तुझ्यासाठी नवा स्वेटर आणते, मागचा अंगाला घट्ट झाला असेल.

तुझी,
अक्का


नर्सेस होस्टेल,
ता. २७ ऑगस्ट

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. स्वेटर जिन्यात पडलेला सापडला. बेताचा झाला आहे. तुझ्या कोपराला लागलं असेल तर बर्फ लाव.

तू गाडीत बसताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस, म्हणून सगळं लिहिते. वाटल्यास फाड, पण वाचून फाड.

मी चहाला गेले होते. तुझं ऐकलं होतं मी. कप हातात घेऊन वॉर्डाच्या दारापर्यंत परत आले, कारण मला बघायचं होतं. तुम्ही कडं केलं होतं. तुझा आवाज सगळ्यांत वर होता, आईकडून शिकलेली चाल धरली होतीस. ती डोळे दोनदा मिटत होती. बघणारं कुणी नव्हतं, कारण मंडळींचेही डोळे मिटलेले होते. डाव्या हातानं ती तक्ता शोधत होती आणि तक्ता पुतणसुनेनं पायाशी सरकवून ठेवला होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पुरेपूर बरं वाटलं. तेवढा वेळ मी दारात उभी राहून ते डोळ्यांनी प्यायले.

मग तिनं चादर धरली. बोटानं ओढत ओढत हनुवटीपर्यंत आणली, आणि तोंड झाकायला बघत होती, पण हात पुरेना.

तिथं मला राहवलं नाही, अक्का. ती कात्रीबाई आहे हे मी विसरले नव्हते, एक क्षणही नाही. पण माझ्या वॉर्डात एक बाई नको म्हणत होती आणि कुणी ऐकत नव्हतं. मी ओरडले. मंडळी बिचारी लगेच थांबली. पुतण्यानं हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांकडं तक्रार करायची धमकी दिली, ती त्यानं केलीही आहे. मी साहेबांना सांगितलं, की हे बाहेर कळलं ते माझ्याच पत्रातून. लेखी ताकीद मिळाली. तू तेवढी हलेनास, म्हणून तुझा कोपर धरला. बहिणीला जिन्यापर्यंत ओढत नेणारी नर्स म्हणून आता होस्टेलभर माझी ख्याती आहे.

पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी दुपारी, वॉर्ड शांत झाल्यावर मी तिच्याजवळ खुर्ची ओढली. विचारलं, की मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, ती तुमच्याबद्दल आहे आणि चांगली नाही, ऐकाल का? डोळे एकदा मिटले. मी परत विचारलं. परत एकदा. मग सगळं सांगितलं. पाय, रद्दी पेपर, चादर, जोडलेले हात, बंद झालेले ओठ. काल कडं करणारी माझी बहीण होती आणि तिनं ते का केलं, हेही सांगितलं. आवाज खाली ठेवला, पण एक शब्द मऊ केला नाही. इतकी वर्षं मनात घोटून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडावर बोलले. ती पूर्ण वेळ माझ्याकडं बघत होती.

माझं संपल्यावर तिनं तक्ता मागितला. मी तो तिच्या बोटाखाली धरला. माफी मागेल, नाहीतर पूर्वीसारखी झिडकारून टाकेल, दोन्हीची तयारी होती. तिनं एकेक अक्षर दाखवलं. शब्द झाला, कोणती.

मला कळेना. मी म्हटलं, कोणती म्हणजे? तिनं परत बोट फिरवलं. खूप जणींचे कापले. तुझी कोणती?

अक्का, तिला आपली आई आठवतच नाही. मी पलंग सांगितला, महिना सांगितला, तुझा तेव्हाचा आरडाओरडा सांगितला. तिनं आठवायचा प्रयत्न केला, कपाळावर शीर उभी राहिली, पण नाही. शेवटी थकली. मी उठले तर तिनं माझ्या बाहीला बोट अडकवलं आणि तक्त्यावर दाखवलं, की उद्या परत सांग.

मी अजून गेलेले नाही. ड्यूटी दुसऱ्या बाजूला मागून घेतली. मला काय करावं ते समजत नाही. मीही तेव्हा लहान होते, मलाही आई नीट सांगता येत नाही.

रागावलेली असलीस तरी लोभ तोडू नको.

तुझी,
बारकी


घर,
ता. १ सप्टेंबर

चि. बारकीस,

आशीर्वाद. कोपर निळा पडला आहे. तुझे भाऊजी रोज मलम लावतात आणि रोज हसतात. म्हणतात, अख्ख्या घराण्यात तुला कुणी आवरलं असेल तर ते बारकीनं. मी चुकले असं मी लिहिणार नाही, उगीच वाट बघू नको. पुतणसुनेला मात्र घरी बोलावून खरं सांगितलं. ती कपडे उचलून निघून गेली. जाऊ दे, तिचं बरोबरच आहे.

तुझं पत्र वाचलं आणि त्या एका शब्दावर येऊन थांबले. कोणती! इतकी वर्षं मी रोज तिला मनातल्या मनात जाळते आहे, आणि तिच्या मनात आपली आई नाहीच. कापून झाल्यावर हात धुतले असतील आणि पुढच्या पलंगाकडं गेली असेल. बारके, आई मेली तेव्हा मी रडले त्याहून जास्त मी परवा रडले.

मग डोळे पुसले. ड्यूटी परत खिडकीच्या बाजूला मागून घे. तिनं उद्या परत सांग म्हटलं आहे ना? मग सांग. रोज विचार, तिनं डोळे एकदा मिटले तरच सांग. दोनदा मिटले की त्या क्षणी उठ. तुझा नियम मोडून मला काही नको. पण जोवर ती ऐकते म्हणतेय, तोवर सोडू नको तिला.

तुला आई सांगता येत नाही, मी लिहून देते. उजव्या भुवईत पांढरा केस होता, एकच. केसांना ती तेल लावायची ते आपल्याशी न बोलता, कारण त्या वेळी तिची प्रार्थना चालायची. मोकळे सोडले की गुडघ्याखाली यायचे, म्हणून अंघोळीनंतर स्टुलावर उभी राहून वाळवायची आणि आपण खालून ओढायचो. ओढलं की लटकं ओरडायची. हसताना तोंडावर हात धरायची. इंजेक्शनला घाबरायची, म्हणून त्या वॉर्डात सुई दिसली की पाठ करून झोपायची. हे तरी आठवेल तिला. आणि केस कापताना आई ओरडली नव्हती, शेजारणीनं सांगितलं होतं, तिनं नुसतं दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. म्हणजे कात्रीबाईनं आधी आईचे हात बाजूला केले असणार. ते हात तिला आठवायला लाव.

मला तिची माफी नको. पश्चात्तापही नको, तो तिनं तिच्याजवळ ठेवावा. आई गेली तेव्हा आपलं सगळं संपलं, असं समजून गेली. या बाईनं ते न जाणताच जायचं नाही. ज्या दिवशी ती आपणहून तक्त्यावर बोट ठेवून सांगेल, की हो, तीच, भुवईत पांढरा केस असलेली, त्या दिवशी मला तार कर. मग ती सुखानं जाऊ दे, तिच्या उशाशी कुणी प्रार्थना म्हणणार नाही, हे मी बघते. स्वतः दाराशी उभी राहीन.

पुढच्या पत्रात आईचा आवाज कसा होता ते लिहीन. आज बसवत नाही.

माया आहे तिथंच आहे.

तुझी,
अक्का